पडणाऱ्यांचा पाठीराखा

आपल्या टीमचा खेळाडू मैदानात आडवा झाला, की जगातला कुठलाही माणूस हळहळतो. आमचे शेजारी डोंगरे सर मात्र ताडकन उठून उभे राहतात आणि टीव्हीकडे बोट करून ओरडतात, "शाब्बास! उठू नको! अजिबात उठायचं नाही, झोपून राहा!"

विरुद्ध टीमचा कोणी पडला तर ते ढुंकूनही बघत नाहीत. आपलाच पडायला हवा. बरं, नुसतं पडून भागत नाही, त्यानं नीट विव्हळायलाही हवं. एकदा एक पोरगा धडपडला आणि लगेच चड्डी झटकून पळायला लागला, तर सर इतके वैतागले की हातातला चहा तसाच निवला. "काय घाई होती याला? दोन मिनिटं पडला असता तर काय बिघडून राहिलं होतं?"

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, म्हातारा सरकलाय. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे लोकांबद्दल लवकर मत बनवतो आणि ते बदलायला फार वेळ लावतो.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आम्ही राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. सामान उतरवत होतो तेव्हाच कुंपणापलीकडून आवाज आला, "ट्रक तिरका लावलाय. शंभरपैकी चाळीस. काठावर पास." हे डोंगरे सर. नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मुलगी चार वर्षांची असताना अमेरिकेत आले, इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवलं आणि रिटायर झाले. रिटायर सर झाले, लाल पेन झालं नाही. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला की सर खिडकीतून बघतात आणि संध्याकाळी मार्क सांगतात. "अडतीस. कडेचा बर्फ ऑप्शनला टाकलास." माझ्या बायकोच्या पुरणपोळीला त्यांनी ब्याऐंशी दिले होते. स्नेहा आठवडाभर तरंगत होती. मला दोन हिवाळ्यांत पन्नाशी गाठता आलेली नाही, म्हणून बर्फाचं मशीन घेतलं, तर म्हणाले, "कॉपी करून पास होण्यात काय अर्थ आहे?"

तर असा हा माणूस वयाच्या सत्तरीत अचानक फुटबॉलच्या नादाला लागला. तेही कुठल्या, तर चिलीच्या. सांतियागो शहरातला एक क्लब आहे. कोणे एके काळी विद्यापीठातल्या पोरांनी काढलेला, आता देशातल्या निम्म्या लोकांचा लाडका. निळा शर्ट, छातीवर घुबड. क्लबचं नाव मी सांगत नाही, कारण माझा उच्चार चुकतो आणि सर दोन मार्क कापतात. ते स्वतः नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणतात. "शनिवारी जमणार नाही, युनिव्हर्सिटी आहे." नवीन माणसाला वाटतं, सर पुन्हा शिकवायला लागले.

तसं ते लागलेच होते म्हणा. कारण सरांची ठाम समजूत अशी, की क्लब विद्यापीठाचा, म्हणजे खेळणारी पोरं विद्यार्थीच असणार. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी फुटबॉल. मी त्यांना समजावलं की सर, तो जमाना गेला, हे सगळे पगारी खेळाडू आहेत, त्यातल्या कित्येकांनी कॉलेजची पायरी चढलेली नाही. सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी स्वतःचीच डिग्री बोगस वाटायला लागली.

"मग नावात युनिव्हर्सिटी कशाला?"

"आता काय सांगू सर."

"माहीत नसेल तर जागा कोरी सोडावी. वाटेल ते लिहू नये."

गोलकीपर छत्तीस वर्षांचा आहे, हे दाखवून दिलं तेव्हा म्हणाले, "पीएचडी करत असेल. गाइड त्रास देतात." मागच्या वर्षी एक चांगला स्ट्रायकर युरोपातल्या क्लबात गेला. चिलीत लोकांनी त्याला विमानतळावर वाजतगाजत निरोप दिला. इकडे सर दोन दिवस घुश्शात. "तिसऱ्या वर्षाला होता. डिग्री अर्धवट टाकून गेला. आईबापांना काय वाटलं असेल, काही विचार?" मी हसलो. सरांच्या बायको, कुमुदकाकू, स्वयंपाकघरातून पाणी घेऊन येत होत्या, त्या मात्र ग्लास ठेवून तशाच परत आत गेल्या. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दर सामन्यानंतर सर मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लावतात. कोणी 'घरगुती दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेतो' असं टाकलेलं असतं, त्याच्याखाली सरांचं: 'डावा बचावपटू: एकेचाळीस, ग्रेस देऊन. मधला सहा नंबर: गैरहजर असल्यासारखा. गोलकीपर: तोंडी परीक्षेत उत्तम, लेखीत नापास.' ॲडमिननं एकदा अतिशय नम्रपणे विचारलं, की काका, हे इथे जरुरी आहे का? सरांनी त्याला दहापैकी तीन दिले.

आणि ते घुबड! आमच्या वास्तुशांतीला सर तोच निळा शर्ट घालून आले. माझी आई तेव्हा पुण्याहून आलेली. दारात सरांच्या छातीवरचं घुबड बघून ती जागच्या जागी थबकली. "अगंबाई! नव्या घरात पहिलं पाऊल घुबडाचं?" सर म्हणाले, "वहिनी, घुबड हे विद्येचं प्रतीक आहे. ग्रीक लोक त्याला पूजतात." आई म्हणाली, "ग्रीकांचं भलं झालं असेल. आमचा होम व्हायचाय." शेवटी सर अंगावर शाल घेऊन बसले. मे महिना होता. घामानं निथळत होते, पण शर्ट बदलायला घरी गेले नाहीत. कुमुदकाकू आईला हळूच म्हणाल्या, "राहू द्या हो. त्यांना तो शर्ट लागतो."

हा शर्ट का लागतो, ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं.

त्या शनिवारी सामना बघायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. एक खेळाडू पडला. सरांची नेहमीची आरडाओरड झाली. तेवढ्यात मैदानाबाहेरून निळं जाकीट घातलेली एक मुलगी बॅग घेऊन धावत आली, त्याच्या गुडघ्याशी बसली, काहीतरी फवारलं, पट्टी बांधली आणि परत धावत गेली. जेमतेम एक मिनिट. सरांनी रिमोट घेऊन तेवढंच मागं नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं नेलं.

"काय बघताय, सर?"

"ऑफसाइड होता का ते बघतो."

खेळच थांबलेला, ऑफसाइड कुठला! मी म्हणायला तोंड उघडलं, तर काकूंनी आतून हाक मारली, "निखिल, जरा बरणी उघडून दे रे."

बरणी उघडीच होती. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. डोळे पुसत, पण आवाज अगदी खणखणीत. "ती मुक्ता आहे. आमची मुक्ता."

मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. कुठे आहे असं विचारलं की सर "बाहेर असते" म्हणत आणि विषय बदलत. काकूंनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. मुक्ता इथे मेडिकलला होती. दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत चिलीला गेली, कुठल्याशा गावी दवाखान्यात मदत करायला, आणि परत आली ती मेडिकल सोडते असं सांगायलाच. तिकडेच फिजिओथेरपी शिकायची म्हणाली. "आणि हे म्हणाले, अर्धवट सोडणाऱ्यांशी मला बोलायचं नाही. तीही यांचीच लेक. म्हणाली, ठीक आहे, नका बोलू. सात वर्षं झाली, निखिल. रविवारी मला फोन येतो, तेव्हा हे गॅरेजमध्ये जाऊन नसलेलं सामान लावत बसतात."

"आणि हा फुटबॉल?"

"तिला या टीममध्ये नोकरी लागली म्हणून मी घरात मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या दिवशी यांनी तो चॅनल घेतला. मला म्हणाले, फुटबॉल हा बुद्धीचा खेळ आहे. जन्मात कधी चेंडूला पाय लावला नाही या माणसानं!" काकू हसल्या. "त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. तूही काही बोलू नको हो."

मी बाहेर येऊन बसलो. माझी मतं बदलायला वेळ लागतो म्हणालो ना, त्या दिवशी लागला नाही. अर्ध्या तासानं दुसरा एक जण पडला आणि सरांच्या आधी मीच ओरडलो, "झोप, झोप, उठू नको!" सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे वळून म्हणाले, "तुला खेळ कळायला लागलाय."

यंदाच्या उन्हाळ्यात बातमी आली, की युनिव्हर्सिटी शिकागोत एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला येतेय. रविवारी दुपारी. बरोबर सगळा ताफा, म्हणजे मुक्ताही. तिनं काकूंना फोनवर सांगितलं, "आई, मॅच झाली की वीस मिनिटं मिळतील, मग बस डायरेक्ट एअरपोर्टला जाणार. तू गेटवर ये. बाबा आले तर आय विल बी हॅपी. पण मी आधी बोलणार नाही. दे हॅव टु से समथिंग." बापाला इंग्रजीतही आदरार्थी बहुवचन लावणारी ही मुलगी, आणि म्हणे ती ऐकत नाही!

मी चार तिकिटं काढली आणि कुंपणापाशी गेलो.

"मी नाही येत," सर म्हणाले. "टीव्हीवर नीट दिसतं. स्टेडियममध्ये मागं नेता येत नाही."

"बघा बुवा. काकू येतायत, आम्ही दोघं येतोय. एक तिकीट वाया जाईल."

सामना तीनला. रविवारी सकाळी नऊला सर आमच्या ड्राइव्हवेत उभे. दाढी गुळगुळीत, घुबडाला कडक इस्त्री. "तू एवढा आग्रह केलास म्हणून. शेजारधर्म असतो." मागून काकू आल्या, हातात मोठा डबा. त्यात सांबारवड्या होत्या. कोथिंबिरीला नागपूरकडे सांबार म्हणतात. ती भरून तळलेल्या या वड्या मुक्ताला फार आवडतात. सरांनी विचारलं, "एवढ्या कोणासाठी?" काकू म्हणाल्या, "निखिलसाठी. त्याला सारखी भूक लागते." सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पोट सुटून राहिलंय तुझं." मी ऐकून घेतलं. काय करता!

डबा स्टेडियममध्ये नेऊ देईनात, म्हणून तो परत गाडीत ठेवावा लागला. आमच्या जागा मैदानाच्या एका अंगाला, आणि टीमचं बाक बरोबर समोरच्या अंगाला. इतकं लांब, की तिथं बसलेली माणसं मुंगीएवढी. त्यातली मुक्ता कुठली ते कळेना. सर दुर्बीण आणायला विसरले म्हणून काकूंवर डाफरले. मग एकदम म्हणाले, "म्हणजे, गोलकीपरला बघायला."

आणि कोणी पडेना! मैत्रीपूर्ण सामना तो. सगळे एकमेकांना सांभाळून, लग्नात उष्ट्या ताटाजवळून जावं तसे अंग चोरून खेळतायत. कोणी कोणाला ढकलत नाही. चुकून धक्का लागला तर सॉरी म्हणून हात मिळवतात. अर्धा तास गेला, तास गेला. सर कासावीस. "अरे, पाडा रे कोणीतरी कोणाला! काय भित्र्यासारखे खेळून राहिले!" पुढच्या रांगेत चिलीचे एक आजोबा होते, तोच निळा शर्ट, गळ्यात ढोल. त्यांना मराठीचा एक शब्दही कळत नव्हता, पण तळमळ कळली. त्यांनी वळून सरांना कडकडून मिठी मारली आणि गालाचा मुका घेतला. सर इतके गडबडले की मार्क द्यायचे विसरले.

सामना संपायला दहा मिनिटं उरली आणि आठ नंबरचा खेळाडू आमच्या समोर, अगदी आमच्या बाजूच्या रेषेवर, कोणाचाही धक्का न लागता घोटा मुरगळून कोसळला.

आम्ही तिघं ओरडायला उठलो. सर उठले, पण त्यांच्या तोंडातून आवाज फुटला नाही. समोरच्या टोकाकडून एक निळा ठिपका निघाला होता. बॅग खांद्यावर, भर उन्हात, मैदानाची अख्खी रुंदी ओलांडत तो धावत येत होता. जवळ येता येता त्याची मुलगी झाली. सावळी, उंच, सरांचंच नाक. आमच्यापासून वीस पावलांवर ती गुडघे टेकून बसली. त्या पोराचा बूट काढला, घोटा दोन्ही हातांत धरला आणि स्पॅनिशमध्ये त्याच्याशी बोलत बोलत दाबून बघायला लागली. ते पोरगं कळवळत होतं, ती काहीतरी म्हणाली आणि ते चक्क हसलं.

माझ्यानं राहवेना. मी तोंडाशी हात नेले आणि जोरात हाक मारणार, तेवढ्यात सरांनी माझं मनगट पकडलं. चांगलंच दुखलं.

"हाक मारू नको," ते म्हणाले. "काम करून राहिली ती."

काकूंनी ओढणी तोंडाला लावली. मुक्तानं पट्टी बांधली, त्या पोराला खांद्याचा आधार दिला आणि त्याला घेऊन हळूहळू बाहेर निघून गेली. आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. सर खाली बसले ते सामना संपेपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी वातावरण हलकं करायला विचारलं, "सर, आज मार्क?"

"गप बस रे."

सामना संपला. काकू गेटकडे निघाल्या, स्नेहा त्यांच्याबरोबर गेली. सर म्हणाले, "मी गाडीत बसतो. ऊन फार आहे." सकाळी नऊपासून ज्यासाठी दाढी करून बसला, त्याच्याकडे पाठ फिरवून हा माणूस पार्किंगकडे चालायला लागला! मी मागोमाग गेलो. एसी लावला. ते मागच्या सीटवर खिडकीशी बसले.

"केवढं मैदान असतं रे," थोड्या वेळानं म्हणाले. "टीव्हीवर कळत नाही."

मला आता राग यायला लागला होता. "सर, वीस मिनिटं आहेत. त्यातली पाच गेली. बस सुटली की पुन्हा टीव्हीच बघायचाय तुम्हाला. जा ना. बोला तिच्याशी."

"काय बोलू?" सर म्हणाले. "सात वर्षं झाली. सुरुवात कुठून करू, सांग ना."

खरंच, कुठून करणार? एवढ्यात पार्किंगच्या रांगांमधून काकूंचा आवाज ऐकू आला, साऱ्या शिकागोला ऐकू जाईल असा. "बघ ना गं, डबा गाडीतच राहिला! मेली आठवणच राहत नाही मला!" मागे मुक्ता, डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र. काकूंचं विसराळूपण किती खरं ते तिला कळलेलं होतं. गाडीजवळ येऊन ती थांबली. मी काच खाली केली. तिला सर दिसले, त्यांचा शर्ट दिसला. ती काही बोलली नाही. ठरल्याप्रमाणे.

सर समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "त्या आठ नंबरला फ्रॅक्चर तर नाही ना?"

मुक्तानं टोपी मागे सारली. मग म्हणाली, "नाही. लिगामेंट आहे. तीन आठवडे."

"एक्स-रे न काढता सांगून राहिली?"

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

"हाताला कळतं, बाबा," मुक्ता म्हणाली.

सरांनी थोडा विचार केला. मान हलवली. "कळत असेल. तू म्हणतेस तर तीनच आठवडे." आणि मग पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघत म्हणाले, "एवढ्या लांबून पळत आलीस गं. दम नाही लागला?"

"लागला ना," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "खूप लागला, बाबा."

"मग बस ना जरा. ये." सर सरकले आणि त्यांनी तिला मागच्या सीटवर जागा करून दिली.

मी गाडीतून उतरलो. स्नेहा, काकू आणि मी, तिघं डबा हातात धरून बाहेर उन्हात उभे राहिलो. बस सुटायला अजून बारा मिनिटं होती.